मला सदू म्हणा

मुलुंडच्या त्या सोसायटीत बहुतेक सगळे पेन्शनर राहायचे. त्यांच्या लिफ्टमध्ये, आरशाच्या खाली, लिफ्टची देखभाल करणाऱ्या आमच्या कंपनीनं एक पिवळाधमक स्टिकर लावला होता : ‘चिंता सोडा. आम्ही तुम्हाला वर पोचवतो.’

ही ओळ आमच्या मालकांची, परब साहेबांची. ती त्यांना अंघोळ करताना सुचली आणि ओल्या केसांनीच ते ऑफिसात आले. कागद सगळ्यांपुढे फिरवला. मेकॅनिक कांबळेदादा म्हणाले, “झकास, साहेब.” फोनवर तक्रारी घेणाऱ्या देसाईबाई म्हणाल्या, “छान आहे हो.” मी नवीन होते. आमच्या उमरग्याच्या शाळेत मोठ्या माणसानं काही वाचून दाखवलं की टाळ्या वाजवायची पद्धत होती. मी टाळ्या वाजवल्या.

स्टिकर लागले त्याच आठवड्यात कुणाच्या तरी नातवानं फोटो काढला. वॉकर धरून उभे असलेले आजोबा, डोक्यामागे आमची ओळ, खाली आमचं नाव आणि फोन नंबर. तो फोटो इंटरनेटवर असा काही पळाला की संध्याकाळी उमरग्याहून माझ्या चुलतभावानं मलाच पाठवला. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘मुंबईत सोय झाली.’ ऑफिसचा फोन दिवसभर वाजत होता. लोक विचारत होते, “सासऱ्यांसाठी बुकिंग घेता का?” सोसायटीनं आमचं काम काढून घेतलं आणि पाठोपाठ आणखी दोन सोसायट्यांनी.

साहेबांनी आम्हाला समोर बसवलं. रागावले किंवा आनंदले की ते मालवणीवर येत. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते कळत नव्हतं.

“तुमका ह्या आधी कळला होता?”

कांबळेदादा छताकडे बघत म्हणाले, “होय साहेब.”

“सगळ्यांका?”

“होय साहेब.”

“मग माका कोणीच कित्याक सांगूक नाय?”

देसाईबाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही साहेब ना.”

साहेब म्हणाले, “म्हणजे मी साहेब आहे म्हणून कंपनी बुडणार.”

हे खरं होतं, आणि आम्हा सगळ्यांची पोटं त्या कंपनीवर होती. मोबाइलवरून बोलावलं की मेकॅनिक पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्या उपनगरात शिरल्या होत्या. अशी आणखी एक चूक झाली असती तर परब लिफ्ट सर्व्हिस हे नाव मरोळच्या त्या गाळ्यावरून उतरलं असतं.

परब साहेब तेव्हा साठीला आले होते. बुटके, रुंद, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. लिफ्टचं बटण ते नेहमी दोनदा दाबत. “एकदा तिच्यासाठी, एकदा माझ्यासाठी.” लिफ्ट त्यांच्या लेखी बाई होती. आत शिरले की मान तिरकी करून ऐकत आणि सांगत, “दमलीय,” “रुसलीय,” “हिका सर्दी झालीय.” वडील गिरणीत होते; ती बंद पडल्यावर हे पोरवयात लिफ्टच्या खड्ड्यात उतरले ते मालक होऊनच वर आले. त्यांना वाचून दाखवलेलं आवडायचं आणि वाचायचा कंटाळा होता. माणूस कामावर घेताना ते प्रमाणपत्रं बघत नसत, चालणं बघत.

माझी मुलाखत तर झालीच नाही म्हणायला हवं. ते आत आले तशी मी उभी राहिले. मी उभी राहिले म्हणून तेही बसेनात. मला वाटलं, ते बसल्याशिवाय मी कशी बसू. त्यांना वाटलं, ही काहीतरी सांगणार आहे. असे आम्ही समोरासमोर उभे. शेवटी देसाईबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “लिफ्ट येणार आहे का इथं?” साहेब हसले आणि मला म्हणाले, “सोमवारी ये.” माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तो सोमवार मला माझ्या पदवीदान समारंभापेक्षा मोठा वाटतो.

स्टिकरच्या प्रकरणानंतर साहेब पवईला एका शिबिराला जाऊन आले. ‘इंटरनेटच्या युगातलं नेतृत्व’ असं काहीतरी त्याचं नाव होतं. तिथं एका तरुण सल्लागारानं त्यांना सांगितलं की जुन्या कंपन्या उतरंडीसारख्या असतात, वरच्या मडक्याला खालच्याचं तोंड दिसत नाही. नव्या युगात सगळे एका पातळीवर. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, म्हणून खरं बोलतात.

दुसऱ्या दिवशी साहेब काळा टी-शर्ट घालून आले. छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं : ‘मी सदू’.

“आजपासून साहेब बंद,” ते म्हणाले. “सर बंद. अहो बंद. मला सदू म्हणायचं. तू म्हणायचं. आपल्या कंपनीत आता वर-खाली नाही.”

“लिफ्टच्या कंपनीत वर-खाली नाही?” कांबळेदादांनी विचारलं.

“विनोद नको, कांबळे. अरे म्हण.”

“मग एक विचारू? तुम्ही आम्हाला आधीपासूनच अरे म्हणताय. आता आम्ही म्हणायचं. मग तुमच्यात काय बदललं?”

“हे! हेच पायजे!” साहेबांनी टेबलावर थाप मारली. “फक्त ‘तुम्ही’ नको. परत विचार.”

कांबळेदादांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, “राहू दे. महत्त्वाचं नव्हतं.”

नियम मोडला की शिक्षा होती. जो ‘साहेब’ म्हणेल त्यानं दिवसभर लिफ्ट वापरायची नाही. ऑफिस चौथ्या मजल्यावर. पहिल्या आठवड्यात आमची अख्खी कंपनी जिन्यानं चढत होती. खालच्या गाळ्यातला बॅगवाला मला विचारायचा, “क्या मॅडम, तुम्हारीच लिफ्ट बंद है क्या?”

मग आम्ही एक वाट काढली. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य होतं, हे मला व्याकरणाच्या बाईंनी शिकवलं होतं. पण त्यावर एक कंपनी चालवता येते, हे मरोळला आल्यावर कळलं. “चहा झाला का?” “सही हवी होती.” “मुलुंडला जाणं होणार आहे का?” साहेब टेबलामागे बसलेले असत आणि आम्ही त्यांच्याविषयी हवामानासारखं बोलत असू. एकदा कांबळेदादा आत गेले आणि म्हणाले, “रजा घेतली जाणार आहे.” साहेबांनी विचारलं, “कोणाकडून?” कांबळेदादा म्हणाले, “माझ्याकडून.” “आणि देणार कोण?” त्यावर ते रजा न घेताच बाहेर आले.

देसाईबाईंची अडचण मात्र व्याकरणानं सुटणारी नव्हती. त्या मूळच्या देवगडच्या, पन्नाशीतल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि त्यांच्या यजमानांचं नावही, साहेबांसारखंच, सदानंद होतं. घरी सगळे त्यांना सदू म्हणत; सगळे म्हणजे देसाईबाई सोडून. लग्न झाल्यापासून त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. गॅसच्या नोंदणीला नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला पुढं करायच्या.

त्यातच एकदा साहेबांनी बाहेरून ऑफिसात फोन केला आणि नव्या पद्धतीनं म्हणाले, “सदू बोलतोय.” देसाईबाई गडबडीत होत्या. म्हणाल्या, “अहो, कुकर बंद केलात का?” साहेब पलीकडून म्हणाले, “बघून सांगतो.”

महिन्याच्या मीटिंगला साहेबांनी फर्मावलं की प्रत्येकानं एकदा तरी ‘सदू’ म्हटल्याशिवाय कुणी जेवायला उठायचं नाही. कांबळेदादांनी डोळे मिटून, गोळी गिळावी तसं म्हटलं. मी मनातल्या मनात वडिलांची माफी मागून ओठ हलवले; आवाज आला नाही, पण ते मोजलं गेलं. देसाईबाई राहिल्या. घड्याळ पुढं सरकत होतं, डबे थंड होत होते. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि एका दमात म्हणाल्या,

“कोकणच्या हापूसला पिवळीधमक साल,
सदानंदरावांचं नाव घेते, आता तरी जेवायला सोडाल?”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग साहेब उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. “बाई, तुम्ही मला सुनावलंत! पहिल्यांदाच कोणीतरी सुनावलं!”

तिथून उखाणा कंपनीच्या कामकाजात शिरला. साहेबांना काही सांगायचं झालं की देसाईबाई दारात उभ्या राहत, घसा खाकरत आणि सुरू करत :

“मोत्यांच्या माळेत मधोमध माणिक,
सदानंदराव, लिफ्टचं दार लागेना, पाठवा मेकॅनिक.”

माणूस अडकल्याची तक्रार असली तरी त्यांना आधी यमक जुळवावं लागे. “थांब हां जरा,” त्या फोनवर सांगत, “साहेबांपर्यंत पोचवते,” आणि पुटपुटत बसत, “परात... वरात... दारात...” कांबळेदादांनाही मोह झाला. त्यांना स्वतःच्या लग्नातला एकच येत होता. एके दिवशी केबिनच्या दारात ताठ उभं राहून ते म्हणाले, “भाजीत भाजी मेथीची, सदू माझ्या प्रीतीचा, ग्रीस संपलंय.” पवईचा तो सल्लागार त्याच वेळी आत बसला होता. त्यानं लॅपटॉप उघडून काहीतरी लिहून घेतलं. पुढं कळलं, तो आता इतर कंपन्यांनाही हे शिकवतो.

पण एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात येत होती. साहेब उखाणे ऐकत होते, ऐकून घेत नव्हते.

कंपनीनं ॲप काढायचं ठरवलं होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं मोबाइलवर एक बटण दाबायचं, की आमचा माणूस हजर. जुन्या लिफ्टमधले वायरचे फोन काढून टाकायचे होते. ते फोन उचलला की थेट देसाईबाईंच्या टेबलावर वाजत. ॲप आलं की त्या टेबलाचं काय होणार, हे कुणी बोलत नव्हतं. बाईंना स्वतःपेक्षा ॲपचीच काळजी होती, कारण लिफ्टच्या आत मोबाइलला रेंज येत नाही हे त्या रोज ऐकत होत्या. त्यांनी साहेबांना सांगितलंही :

“देवापुढे समई, समईत वात,
सदानंदराव, ॲप उघडेस्तोवर माणूस बसतो आत.”

“वा वा!” साहेब म्हणाले. “वात, आत. एक नंबर, बाई. कांबळे, ऐकलंस?”

“ऐकलं,” कांबळेदादा म्हणाले. “आता कोणीतरी ऐकायला पाहिजे.”

बाई टेबलापाशी परत आल्या आणि वायरच्या फोनवरची धूळ पुसत बसल्या. अडकलेल्या माणसाशी बोलायची त्यांची एक रीत होती. समोर कुणीही असो, डॉक्टर, पोलीस, सोसायटीचा चेअरमन, त्या पहिल्याच वाक्याला एकेरीवर येत. “बोल बाळा, कुठं अडकलास? घाबरू नको. मी आहे ना इथं.” मी एकदा विचारलं होतं, “बाई, मोठ्या माणसांना तू म्हणता, त्यांना राग नाही येत?” त्या म्हणाल्या, “अगं, आत अडकला की कोण मोठा? अहो-जाहो केलं की माणूस ताठ होतो. ताठ झाला की धडपडतो.”

दिंडोशीला एका वसाहतीत खूप इमारती होत्या. एका इमारतीचं काम आमच्याकडं होतं. बाकीच्या सगळ्या इमारतींचं द्यायचं का, ते कमिटी ठरवणार होती. मिळालं तर मुलुंडचं नुकसान भरून निघणार होतं. नाही मिळालं तर साहेबांना माणसं कमी करावी लागणार होती, आणि कुणापासून सुरुवात करायची ते त्यांना झोपू देत नव्हतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांचा टी-शर्ट सैल झाला होता, त्यावरून कळत होतं.

त्यांनी ठरवलं, कमिटीला प्रात्यक्षिक दाखवायचं. स्वतः लिफ्टमध्ये शिरायचं, कांबळेंनी वरच्या मशीनरूममधून लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायची, मग ॲपचं बटण दाबायचं. कांबळेंना निरोप जाणार, लिफ्ट खाली येणार, टाळ्या. हे सगळं इंटरनेटवर थेट दिसणार. मोबाइल धरायला मी.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं. साहेब ‘मी सदू’मध्ये, मी, आणि कमिटीचे सेक्रेटरी, एक निवृत्त मुख्याध्यापक. बाकीची कमिटी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी उभी होती. ठरल्याप्रमाणं लिफ्ट तिसऱ्याच्या जरा वर जाऊन थांबली. पंखा बंद झाला.

“नमस्कार मित्रांनो,” साहेब मोबाइलकडं बघून म्हणाले, “मी सदू. मी आत्ता अडकलेलो आहे. पण मला चिंता नाही.”

त्यांनी बटण दाबलं. मोबाइलवर एक गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. माझ्या मोबाइलवरचं चित्रही मघाशीच गोठलं होतं. जगाला साहेब दिसत होते ते तोंड उघडलेले, ‘चिंता’च्या ‘चिं’वर.

“थोडा वेळ घेतं,” साहेब म्हणाले.

“किती?” सेक्रेटरींनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

साहेबांनी पुन्हा दाबलं. सवयीनं दोनदा. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “झालं का सुरू?” आणि हशा पिकला. तो हशा साहेबांना लागला. त्यांनी आतलं जाळीचं दार हातानं ओढलं, खालच्या फटीतून तिसऱ्या मजल्याचं दार दिसत होतं, तेही आतून खटका दाबून उघडलं. लिफ्टचा तळ आणि त्या दाराची वरची चौकट यांच्यामध्ये माणूस सरपटून जाईल एवढी जागा होती. पलीकडं कमिटीची डोकी आणि मोबाइल. आणि लिफ्टच्या तळाखाली, उघड्या दारामागं, अंधारा खड्डा.

“उडी मारतो,” साहेब म्हणाले. “हाय काय त्यात. तू धर मोबाइल.”

ते पालथे झाले आणि त्यांनी पाय बाहेर सोडले. लिफ्टच्या धंद्यात ही एकच गोष्ट करायची नसते. अडकलेली माणसं आतमध्ये मरत नाहीत. अशी उडी मारताना पाय घसरून मागं खड्ड्यात पडतात. हे मला साहेबांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला हाक मारायची होती. सर म्हणू? साहेब म्हणू? सदू म्हणू? मी काय म्हणायचं ते ठरवत होते आणि ते कमरेपर्यंत बाहेर गेले होते.

मी भिंतीवरचा वायरचा फोन उचलला.

“परब लिफ्ट. बोल बाळा, कुठं अडकलास?”

“बाई, दिंडोशी. साहेब दारातून उडी मारतायत.”

पुढं जो आवाज आला तो फोनच्या बाहेर, लिफ्टच्या चारी भिंतींना लागला.

“सदू! ए सदू! पाय वर घे! आधी पाय वर घे मेल्या! आत हो! खाली बस, मांडी घालून बस!”

साहेबांनी पाय वर घेतले. आत सरकले. आणि खरोखर मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी सेक्रेटरींनीही मांडी घातली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“बसलास?”

“बसलंय, बाई,” साहेब म्हणाले.

“हात कुठं आहेत?”

“मांडीर.”

“तिथंच ठेव. वैशाली, तिसऱ्यावरच्या कुणाला तरी ओरडून सांग, कांबळ्यांना वरून बोलवा म्हणावं. सदू, सकाळी काय खाल्लंस?”

“काय नाय.”

“मग तेच. उपाशी माणसाला असलंच काहीतरी सुचतं.”

निरोप वर पोचेपर्यंत आणि कांबळेदादांनी लिफ्ट हातानं फिरवून खाली आणेपर्यंत देसाईबाई बोलत होत्या. सेक्रेटरींना त्यांनी विचारलं, “आणि तू रे कोण?” ते म्हणाले, “मी सेक्रेटरी.” त्या म्हणाल्या, “नाव सांग.” त्यांनी शाळेतल्या मुलासारखं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांसकट.

दार उघडल्यावर मी फोन ठेवायला गेले तर पलीकडून बारीक आवाज आला. “वैशाली, अगं, मी नुसतं नाव घेतलं गं.” मग जरा थांबून, “आणि मेल्या म्हटलं.”

बाहेर कमिटी वाट बघत होती. सेक्रेटरींनी घाम पुसला. म्हणाले, “परब, तुमचं ते मोबाइलचं राहू द्या. त्या बाई रोज असतात का?”

“असतात,” साहेब म्हणाले.

कमिटीनं सगळ्या इमारती दिल्या नाहीत, निम्म्या दिल्या. पण कुणाचं काम गेलं नाही. ॲपही राहिलं, कारण सल्लागाराचे पैसे देऊन झाले होते. बटण दाबलं की आता देसाईबाईंचा फोन वाजतो, आणि वायरचे फोन जागच्या जागी आहेत. ‘मी सदू’ टी-शर्ट साहेबांनी ऑफिसच्या खिडकीच्या काचा पुसायला दिला. अहो परत आलं. दुसऱ्या दिवशी देसाईबाई आपणहून जिन्यानं चढून आल्या. विचारलं तर म्हणाल्या, “प्रायश्चित्त.” साहेब त्यांच्यामागून चढून आले होते, त्यांनी कारण सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र कायमची बदलली. साहेबांना काही भलतं सुचलं की कुणीतरी म्हणायचं, “साहेब, मांडी घाला.” ते लगेच गप्प व्हायचे आणि विचारायचे, “काय चुकला?” कांबळेदादांनी एकदा हे आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं की साहेब म्हणाले, “कांबळे, आता माका उठूक दे.”

मी नंतर पवईला एका मोठ्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागले. तिथं सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. सगळ्यात वरच्या साहेबांनाही. आणि कुणी कुणाला काही सांगत नाही.

परब साहेब मला शेवटचे दिसले ते बोरिवलीत, एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. मी मैत्रिणीकडं आले होते. धंदा आता पुतण्या बघतो, पण ते टेस्टर खिशाला लावून फिरत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“वैशाली! बरी आलीस गो.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “नवीन स्टिकर. आजच छापायला टाकणार. पुतण्या म्हणता झकास. बघ.”

कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘एकदा आमच्याकडे आलात की सुटका नाही!’

मी वाचलं. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. मान तिरकी करून, लिफ्टचा आवाज ऐकायचे तशी. ‘मांडी घाला’ हे शब्द अगदी ओठावर होते.

“सदू,” मी म्हणाले, “नको.”

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्याचे चार तुकडे करून खिशात टाकले. लिफ्ट आली. त्यांनी आत पाऊल टाकलं, कान दिला, आणि वळून माझ्याकडं बघितलं.

“परत म्हण.”

“नको. छापू नकोस.”

“तां न्हय,” ते म्हणाले. दार बंद व्हायला लागलं होतं; त्यांनी हात मध्ये घातला नाही, तो नियम होता. फटीतून त्यांचा आवाज आला, “त्याच्या आधीचा.”